डेटा फॉरमॅटमधल्या फील्डांना नावं कशी द्यावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेसन, एक्सएमएल, यामल, सीएसव्ही, डेटाबेसचे टेबल, एपीआयचं (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या सोयीचं) उत्तर: जिथे माहिती ठरलेल्या साच्यात बसवायची असते, तिथे प्रत्येक फील्डला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक रकान्याला, नाव द्यावं लागतं. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतली नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन अक्षरांत आहेत असं धरून वाचा.

फील्डच्या नावावर एवढा विचार कशाला? व्हेरिएबलची नावं तर आपण रोज बदलतो.

व्हेरिएबलचं नाव तुमच्या कोडच्या आत राहतं. एडिटरमध्ये दोन बटणं दाबली की ते सगळीकडे बदलतं आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. फील्डचं नाव मात्र बाहेर पडतं. ते कुणाच्या तरी मोबाइल ॲपमध्ये, गेल्या वर्षीच्या बॅकअपमध्ये, लॉगमध्ये, दुसऱ्या टीमच्या रिपोर्टमध्ये जाऊन बसतं. ती सगळी माणसं तुम्हाला ठाऊकही नसतात, मग त्यांचा कोड तुम्ही बदलणार कसा?

ब्राउझर आणि सर्व्हर ज्यातून बोलतात त्या एचटीटीपी प्रोटोकॉलमधलं ‘रेफरर’ हे हेडर बघा. १९९६ च्या आरएफसी १९४५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याचं स्पेलिंग एक ‘आर’ कमी पडून छापलं गेलं आणि तेच आजवर चालू आहे. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरचं स्पेलिंग बरोबर आहे. त्यामुळे एकाच प्रोटोकॉलमध्ये एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि नवीन शिकणारा प्रत्येक जण तिथे एकदा अडखळतो. चूक माहीत असूनही दुरुस्त करता आली नाही, कारण तोवर ते नाव असंख्य प्रोग्रॅममध्ये पोचलं होतं.

कॅमल केस, स्नेक केस ही काय भानगड आहे?

नावात दोन शब्द असले तर ते जोडायचे कसे, एवढाच मुद्दा. कॅमल केसमध्ये शब्द चिकटवून लिहितात आणि दुसऱ्या शब्दापासून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करतात. पास्कल केसमध्ये पहिल्या शब्दाचंही कॅपिटल करतात. स्नेक केसमध्ये सगळी अक्षरं लहान आणि मध्ये अंडरस्कोअर: ‘युजर_आयडी’. केबाब केसमध्ये अंडरस्कोअरच्या जागी हायफन: ‘युजर-आयडी’.

यांतली सर्वांत चांगली कोणती?

कोणतीच नाही. जेसनचं मानक, म्हणजे २०१७ चं आरएफसी ८२५९, याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. त्याच्या लेखी ‘की’, म्हणजे फील्डचं नाव, ही कोणतीही स्ट्रिंग (अक्षरांची माळ) असू शकते. गूगलची जेसनसाठीची शैली-मार्गदर्शिका कॅमल केस सांगते. गिटहब आणि स्ट्राइप यांचे एपीआय स्नेक केस वापरतात. कुबरनेटीसच्या यामल फाइलींत कॅमल केस आहे, डॉकर कंपोजच्या यामल फाइलींत स्नेक केस, तर रस्टच्या कार्गो फाइलीत हायफन. या सगळ्यांवर जगभरची कामं बिनबोभाट चालली आहेत.

वाचायला सोपं काय, यावर अभ्यासही झाले. २००९ मधल्या एका प्रयोगात कॅमल केस ओळखण्यात अचूकता जास्त दिसली पण वेळही जास्त लागला. २०१० मध्ये डोळ्यांच्या हालचाली मोजून तसाच प्रयोग झाला, तेव्हा अचूकतेत फरक आढळला नाही, मात्र अंडरस्कोअरची नावं लवकर ओळखली गेली. यावर भांडत बसावं इतका मोठा हा फरक नाही, असं माझं मत आहे.

मग निवड करायची कशाच्या आधारावर?

हा खरा प्रश्न. ज्या वाटेने तुमचा डेटा प्रवास करणार आहे, त्या वाटेवरचा सर्वांत अरुंद दरवाजा शोधा आणि नाव त्यातून जाईल असं ठेवा. स्वतःची आवड त्यानंतर.

काही दरवाजे खरोखर अरुंद असतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली सगळी नावं लहान अक्षरांत बदलून घेतो. कॅमल केसमधला कॉलम अवतरणचिन्हं देऊन तयार केला, आणि पुढे कुणी ती चिन्हं न देता क्वेरी लिहिली, की ‘असा कॉलमच नाही’ असं उत्तर येतं. गंमत म्हणजे एसक्यूएलचं मानक याच्या उलट, म्हणजे सगळं कॅपिटल करायला सांगतं, आणि ओरॅकल तसंच करतो. हाइव्ह या वेअरहाउसच्या साधनाच्या कॅटलॉगमध्ये कॉलमची नावं लहान अक्षरांतच साठवली जातात. कॅमल केसमधली शब्दांची सीमा तिथे कायमची पुसली जाते. ॲव्रो हा डेटा फॉरमॅट आणि ग्राफक्यूएल ही एपीआयसाठीची क्वेरी भाषा, दोघांनाही फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतो, शिवाय पहिलं चिन्ह अंक असून चालत नाही. म्हणजे हायफन बाद. जावास्क्रिप्टमध्येही हायफन म्हणजे वजाबाकी, त्यामुळे बिंदू देऊन ते फील्ड वाचताच येत नाही. दरवेळी चौकटी कंस आणि अवतरणचिन्हं लागतात. आणि लांबी: पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे, त्यापुढचं कापलं जातं.

या सगळ्यातून माझा कल असा ठरतो. डेटा आज ना उद्या डेटाबेसमध्ये, वेअरहाउसमध्ये किंवा विश्लेषणाच्या साधनांत जाणार असेल तर स्नेक केस घ्या. लहान अक्षरं आणि अंडरस्कोअर जवळजवळ कुठेही अडत नाहीत. एपीआय फक्त ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टसाठी असेल, दुसरं कुणी तो वापरणारच नसेल, तर कॅमल केस सोयीची. केबाब केस माणसांनी हाताने लिहायच्या कॉन्फिग फाइलींपुरती ठेवा.

फक्त कॅपिटल अक्षराने वेगळी असलेली दोन नावं चालतील का?

नाही. जेसन आणि एक्सएमएल त्यांना वेगळं मानतात, पण गो भाषेची जेसन वाचणारी मानक लायब्ररी लहान-मोठ्या अक्षरांतला फरक सोडून जुळणी करते. एका बाजूला दोन फील्डं, दुसऱ्या बाजूला एकच. असा दोष शोधताना दिवस जातो.

आमच्या डेटाबेसमध्ये स्नेक केस आहे आणि एपीआयमध्ये कॅमल केस. मधला बदल लायब्ररीवर सोपवावा का?

सोपवता येतो. जावासाठी जॅक्सन, रस्टसाठी सर्डे, पायथॉनसाठी पायडँटिक, सगळ्यांत ही सोय आहे. प्रोटोबफ या गूगलच्या डेटा फॉरमॅटने तर हे मानकातच बसवलं: व्याख्येत नाव स्नेक केसमध्ये लिहायचं, जेसन तयार होताना ते कॅमल केसमध्ये बदलतं, आणि वाचताना पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा कोड, दोन्ही रूपं स्वीकारतो. तरी काही खड्डे माहीत असू द्या.

पहिला खड्डा अंकांचा. ‘ॲड्रेस_१’ कॅमल केसमध्ये नेलं की ‘ॲड्रेस१’ होतं. परत आणताना अंडरस्कोअर कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते ‘ॲड्रेस१’ असंच राहतं आणि फील्ड सापडत नाही.

दुसरा खड्डा जास्त वाईट. प्रत्येक की हे फील्डचं नाव नसतं. कधी की हाच डेटा असतो: फाइलींच्या नावांपासून आकारांपर्यंतचा कोश, किंवा वापरकर्त्यांनी दिलेली लेबलं. सरसकट बदल करणारा कोड या कीसुद्धा बदलून टाकतो. वापरकर्त्याने लेबलात अंडरस्कोअर दिला होता आणि परत आला तो कॅपिटल अक्षर होऊन, असं घडतं. अशा ठिकाणी कोशाऐवजी यादी ठेवा, प्रत्येक नोंदीत ‘नेम’ आणि ‘व्हॅल्यू’ अशी दोन फील्डं. मग बदलायला काही उरतच नाही.

तिसरा खड्डा भाषेचा. जावासारख्या भाषेत लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) न सांगता अक्षरं लहान केली आणि मशीन तुर्की सेटिंगवर असलं, तर कॅपिटल ‘आय’पासून टिंब नसलेला तुर्की ‘आय’ तयार होतो. ‘आयडी’ हे फील्ड तिथे दुसऱ्याच नावाचं होऊन बसतं. अक्षरं बदलताना लोकेल स्पष्ट सांगा.

आणि बदल एकाच सीमेवर करा. तीन थरांत तीन वेळा रूप बदलणारं नाव कोडमध्ये शोधताना हाती लागत नाही.

‘यूआरएल’, ‘आयडी’, ‘एचटीटीपी’ असे संक्षेप कॅमल केसमध्ये कसे लिहायचे?

एक साधा शब्द समजून: पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी लहान. ब्राउझरमधल्या ‘एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट’ या जुन्या नावात एक संक्षेप पूर्ण कॅपिटल आहे आणि दुसरा नाही. आजही ते न बघता बरोबर लिहिणं अवघड जातं. डॉटनेटच्या मार्गदर्शिकेत दोन अक्षरी संक्षेप पूर्ण कॅपिटल आणि त्याहून लांब असला तर फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, असा नियम आहे. तो लक्षात ठेवण्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम लावणं बरं. स्नेक केसमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही.

नावात एकक लिहावं का? ‘टाइमआउट’ पुरेसं नाही का?

लिहावंच. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. कॅपिटल अक्षर चुकलं तर प्रोग्रॅम लगेच ओरडतो. एकक चुकलं तर तो गप्प राहतो आणि चुकीचा आकडा पुढे पाठवतो.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने तयार केलेल्या फाइलीत थ्रस्टरच्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत होते. ती फाइल वाचणारं सॉफ्टवेअर ते न्यूटन सेकंद समजत होतं. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे. न्यूटन सेकंद वापरायचे हे लिखित करारात होतं, तरी आकड्यासोबत एकक प्रवास करत नव्हतं. नावात एकक असतं तर चूक टळली असती असा दावा मी करणार नाही. पण नाव ही अशी एक जागा आहे जिथे फाइल वाचणाऱ्या प्रत्येकाची नजर जातेच. दस्तऐवजाच्या सत्तराव्या पानावर ती जात नाही.

म्हणून ‘टाइमआउट_सेकंद’, ‘साइझ_बाइट्स’, ‘वजन_ग्रॅम’. प्रोमिथियस या मॉनिटरिंग साधनाने याला शिस्त लावली आहे: मोजमाप मूळ एककातच, म्हणजे वेळ सेकंदांत आणि आकार बाइटमध्ये, आणि ते एकक नावाच्या शेवटी. सतत वाढत जाणाऱ्या मोजणीच्या शेवटी ‘टोटल’. हे नियम उचलून घेण्यासारखे आहेत. पैशांच्या बाबतीत चलन वेगळ्या फील्डमध्ये ठेवा आणि रक्कम सर्वांत लहान एककात आहे की मुख्य एककात, हे नावातून कळू द्या. टक्केवारीचंही तेच: ०.१५ की १५? ‘रेट’ एवढंच नाव यावर काहीच सांगत नाही. ‘रेशो’ आणि ‘पर्सेंट’ सांगतात.

तारीख आणि वेळ यांच्या नावांचं काय?

नुसता दिवस असेल तर शेवटी ‘डेट’. नेमका क्षण असेल तर ‘ॲट’ किंवा ‘टाइम’. गिटहबच्या एपीआयमध्ये ‘क्रिएटेड_ॲट’ दिसेल, गूगलच्या एपीआय मार्गदर्शिकेत ‘क्रिएट_टाइम’. दोन्ही चांगली, एका प्रणालीत दोन्ही नकोत.

फील्डची किंमत (व्हॅल्यू) म्हणून आरएफसी ३३३९ च्या पद्धतीची स्ट्रिंग ठेवलीत तर जागतिक वेळेपासूनचा फरकही सोबत येतो. आकडाच ठेवायचा असेल तर सेकंद की मिलिसेकंद हे नावात हवंच. युनिक्स वेळ सेकंदांत मोजतात, जावास्क्रिप्टची घड्याळं मिलिसेकंदांत. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला की सगळ्या नोंदी जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडतात. उलट झालं तर हजारो वर्षं पुढे.

हो-नाही प्रकारच्या फील्डला ‘इज’ लावायचं का?

गूगलची मार्गदर्शिका लावू नका म्हणते, अनेक टीम लावतात. दोन्ही चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे नकारार्थी नाव. ‘नॉट_डिसेबल्ड बरोबर फॉल्स’ वाचून चटकन अर्थ सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि हो-नाही लिहिण्याआधी थांबून विचार करा: उद्या तिसरी अवस्था येईल का? ‘ॲक्टिव्ह’नंतर ‘सस्पेंडेड’ येतं, मग ‘डिलीटेड’ येतं, आणि एकमेकांशी न पटणारी तीन फील्डं उरतात. शंका असेल तर सुरुवातीपासून ‘स्टेटस’ ठेवा.

एकवचन की अनेकवचन?

यादीला अनेकवचन, एका वस्तूला एकवचन. यादीत आज एकच वस्तू असली तरीही.

नावात डेटाचा प्रकार लिहावा का, जसं ‘नेम_स्ट्रिंग’?

सहसा नको, ते काम स्कीमाचं, म्हणजे फील्डं आणि त्यांचे प्रकार सांगणाऱ्या आराखड्याचं. पण ट्विटरच्या जुन्या एपीआयमध्ये ‘आयडी’ शेजारी ‘आयडी_एसटीआर’ होतं आणि त्याला सबळ कारण होतं. जावास्क्रिप्टमध्ये दोनाच्या ५३ व्या घातापुढचे पूर्णांक अचूक साठवता येत नाहीत, त्यामुळे मोठ्या आयडीचे शेवटचे अंक बदलून जायचे. नवीन प्रणाली बांधत असाल तर आयडी पहिल्यापासून स्ट्रिंगच ठेवा; जोडफील्डची गरज पडणार नाही.

यामलमध्ये लिहिलं एक आणि वाचलं गेलं भलतंच. असं का?

यामल १.१ च्या नियमांत ‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर ते हो-नाही ठरतात. देशांच्या कोडांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड म्हणूनच ‘फॉल्स’ होतो. हे कीलाही लागू आहे: गिटहब ॲक्शन्सच्या फाइलीतली ‘ऑन’ ही की काही पार्सर ‘ट्रू’ म्हणून वाचतात. २००९ च्या यामल १.२ ने हा गोंधळ काढला, पण जुन्या नियमांचे पार्सर अजून वापरात आहेत. व्हर्जन १.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर ते दशांश होऊन १.१ उरतं, हेही त्याच घराण्यातलं. असे शब्द की म्हणून टाळा आणि किंमत म्हणून आले तर अवतरणचिन्हं द्या.

सीएसव्हीच्या हेडरसाठी वेगळं काही?

हेडरची ओळ एकच ठेवा. एककं दुसऱ्या ओळीत नकोत, ती नावातच जाऊ द्या. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा टाळा. फाइल कॅपिटल अक्षरांतल्या ‘आयडी’ने सुरू करू नका, कारण एक्सेल तिला एसवायएलके नावाच्या जुन्या फॉरमॅटची फाइल समजून तक्रार करतो. लहान अक्षरांत लिहिलं की झालं.

किमतींची नावंही जपून निवडावी लागतात. मानवी जनुकांच्या नावांत ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावं होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचा. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अखेर अशी नावंच बदलली. ‘सेप्ट१’ आता ‘सेप्टिन१’ आहे. २०२० च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत हा विचार नोंदवलेला आहे.

देवनागरीत की लिहिता येतील का?

जेसनमध्ये बेलाशक. एक्सएमएलमध्येही देवनागरी अक्षरांची नावं वैध आहेत. ॲव्रो आणि ग्राफक्यूएलमध्ये नाही, टॉमल १.० या कॉन्फिग फाइलींच्या फॉरमॅटमध्ये अवतरणचिन्हं दिली तरच. आणि एक बारीक धोका आहे: ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिता येतं, आणि ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखी, पण जेसन वाचणारा कोड त्यांना वेगळ्या की मानतो. देवनागरी की वापरायच्या असतील तर सगळी नावं आधी एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या रूपात आणा. पोस्टग्रेसच्या ६३ बाइटमध्ये देवनागरीचे २१ च संकेतांक मावतात, आणि काना-मात्राही त्यांत मोजल्या जातात.

प्रायोगिक फील्डच्या आधी ‘एक्स-’ लावावं का?

नको. प्रयोग यशस्वी झाला की त्या नावावर लोक अवलंबून राहतात आणि ‘एक्स-’ काढता येत नाही. जून २०१२ च्या आरएफसी ६६४८ ने नव्या नावांसाठी ही प्रथा सोडायला सांगितलं आहे.

जुन्या फाइलीत तीन शैली मिसळल्या आहेत. नवीन फील्ड कोणत्या शैलीत लिहू?

त्याच ऑब्जेक्टमधल्या शेजारच्या फील्डांच्या. चौथी शैली आणू नका.

प्रसिद्ध झालेलं नाव बदलायचंच असेल तर?

नवीन नाव जोडा, जुनं ठेवा. काही काळ दोन्ही पाठवा आणि दोन्ही स्वीकारा. दोन्ही आली आणि जुळली नाहीत तर कोणतं खरं, हे आधी लिहून ठेवा. जुनं कोण वाचतं आहे हे मोजण्याची सोय करा आणि मगच पुढच्या मोठ्या व्हर्जनमध्ये ते काढा. ॲव्रोमध्ये यासाठी ‘एलियास’ आहेत. प्रोटोबफच्या बायनरी रूपात नाव नसतंच, फक्त फील्डचा क्रमांक असतो, त्यामुळे तिथे नाव बदलणं निर्धोक वाटतं. पण तोच संदेश कुठे जेसन म्हणून जात असेल तर तिथे तुटतो.

काढून टाकलेलं नाव नव्या अर्थाने पुन्हा कधीही वापरू नका. जुना क्लायंट ते बिनतक्रार वाचेल आणि चुकीचं समजेल. प्रोटोबफमध्ये जुनं नाव आणि क्रमांक ‘रिझर्व्ह्ड’ म्हणून नोंदवता येतात. इतर फॉरमॅटमध्ये अशी यादी स्कीमाशेजारी हाताने ठेवा.

नियम ठरवले, पण टीम पाळत नाही.

माणसांनी रिव्ह्यूमध्ये ते पकडावं ही अपेक्षाच सोडा. हे तपासणारी साधनं आहेत: ओपनएपीआय या एपीआय वर्णनाच्या फॉरमॅटसाठी स्पेक्ट्रल, प्रोटोबफसाठी बफ. बिल्डमध्ये बसवा, चुकीच्या शैलीचं नाव आलं की बिल्ड थांबेल. यंत्राला जे पकडता येत नाही ते वेगळं: एकाच गोष्टीला कुणी ‘कस्टमर’, कुणी ‘क्लायंट’, कुणी ‘युजर’ म्हणतं. त्यासाठी शब्दांची छोटी यादी रिपॉझिटरीतच ठेवा, प्रत्येक कल्पनेला एक शब्द आणि त्याचा एका ओळीत अर्थ, आणि नवीन शब्द आणणाऱ्याने त्याच बदलात यादीतही तो लिहावा असं ठरवा.